रारोटोंगाला जाणाऱ्याने काय करू नये

कुठंही गेले तरी चाचा दारात थांबायचे. आत पाय टाकण्याआधी मागे वळायचे आणि आसपास उंच जागा कुठं आहे ते हेरून ठेवायचे. लग्नाचा मांडव असो, बँक असो, कुणाच्या घरी दुखवट्याला जाणं असो, ही सवय कधी चुकली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाणी यायला येळ लागत न्हाई."

हे सगळं आमच्या वडवणीत, बरं का. इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि तेही अर्धा तास. बसस्टँडवरची माणसं चाचांची टर उडवायची. "चाचा, पाणी आलंच तर तुमी टेकाडावर पळा, आमी हंडे घिऊन उलट्या बाजूनं येतो." चाचाही हसायचे. पण हसताना त्यांचे डोळे टेकाडाकडंच असायचे, हे मी पाहिलेलं आहे.

बसस्टँडसमोर त्यांचं जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. बोअरची मोटार जळाली की तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश लावून वाळवायची. त्याआधी वीस वर्षं त्यांनी पार प्रशांत महासागरातल्या बेटांवर काढली होती. माल वाहणाऱ्या बोटींची इंजिनं ते दुरुस्त करायचे. बीड जिल्ह्यातला माणूस तिथवर पोचला कसा, असं विचारलं तर म्हणायचे, "मुंबईला गेलतो काम शोधाया. जहाजावर चढलो. जहाज थांबलं तिथं उतरलो."

माझं त्यांच्याशी वाकडं होतं. उगाच नव्हतं. मी दोन शेळ्यांवर धंदा सुरू केलेला माणूस आहे. त्या एसटीच्या टपावर बांधून युसूफ वडगावच्या बाजाराला न्यायचो. आज तीन टेंपो आहेत आणि आसपासच्या बाजारांत माझ्याशी सौदा करायला लोक दोनदा विचार करतात. हे सगळं ज्या एका लेकीसाठी केलं, ती सविता, शाळेतून येताना चाचांच्या दुकानात बसायची. भिंतीवर बेटांचा एक जुना नकाशा होता. पोरीला आमच्या तालुक्यातली गावं धड सांगता यायची नाहीत, पण त्या बेटांची नावं तोंडपाठ. पुढं ती नर्स झाली. मी कडा गावचं एक चांगलं स्थळ नक्की करत आणलं होतं. तिनं नको म्हटलं, स्वतःच्या पसंतीनं एका गणिताच्या मास्तराशी लग्न केलं आणि दोघं नोकरी घेऊन गेली. कुठं? तर रारोटोंगाला. त्याच नकाशावरचा एक ठिपका.

सहा वर्षं मी चाचांशी बोललो नाही. माझी मोटार जळाली तर समोरच्या दुकानात न देता टेंपोत घालून बीडला न्यायचो. चाचा दुकानात बसून ती जाताना बघायचे, येताना बघायचे. मला वाटायचं, बघू दे.

मग सविताचा फोन आला. तिला दिवस गेले होते. आधीचं एक सातव्या महिन्यात गेलं होतं, तेव्हा मी रागात होतो, गेलो नव्हतो. तिची आई असती तर तीच गेली असती, पण ती आधीच वारलेली. सविता रडली नाही, हट्ट केला नाही. एवढंच म्हणाली, "आबा, ह्या वेळी तुम्ही या. मला भीती वाटती."

मला तिच्याहून जास्त वाटत होती. मी समुद्र पाहिला नव्हता. विमानात बसलो नव्हतो. आणि पोचायला उशीर झाला, मध्येच कुठं अडकलो, पुन्हा तसंच काही झालं तर, ह्या विचारानं घास उतरत नव्हता. तिकडचं ठाऊक असलेला माणूस जिल्ह्यात एकच.

सरळ कसं जायचं? मी घरातली एक चांगली मोटार उचलली आणि जळाली म्हणून चाचांच्या फळीवर नेऊन ठेवली. त्यांनी टेस्टरचा दिवा लावून तपासली, हातानं फिरवून बघितली, वास घेतला.

"मोटार चांगली हाय, शेठ," ते म्हणाले. "जळलंय दुसरंच कायतरी. बसा."

बसलो. त्यानंतर तीन आठवडे रोज दुपारी मी तिथं बसलो.

तुमच्यापैकी कुणाला कधी तिकडं जायचा योग आला तर ऐकून ठेवा, चाचांनी काय काय सांगितलं. परतीचं तिकीट खिशात हवं, नाहीतर बेटावर उतरू देत नाहीत. मध्ये न्यूझीलंडला विमान बदलतं, तिथं ऑकलंडला एक रात्र काढावी लागते, तर त्याचा कागदही आधी काढून ठेवायचा. बेटाला एकच रस्ता, तो गोल. एक बस घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, दुसरी उलटी. कुठलीही धरा, हरवणार नाही. रविवारी सगळं बंद, सगळी माणसं प्रार्थनेला. मोठ्यानं बोलायचं नाही. नारळाखाली बसायचं नाही, झोपायचं तर नाहीच. "नारळ खाली पडताना कुणाचं नाव विचारीत न्हाई." पाण्यात अनवाणी उतरायचं नाही, दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. पोवळ्यानं कापलं तर लगेच धुवायचं, तिथली जखम चिघळते. बेटाभोवती पोवळ्याची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी गुडघाभर, हिरवं, शांत. पण त्या भिंतीला खिंडी आहेत. खिंडीजवळ जायचं नाही. तिथलं पाणी माणसाला बाहेर ओढून नेतं आणि वरून काहीच दिसत नाही.

"दिसत न्हाई म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे दिसत न्हाई. तुमाला वाटंल, लई निवांत हाय."

दिवसाचा घोळ मला शेवटपर्यंत पचला नाही. ऑकलंडहून शनिवारी निघालं तर बेटावर शुक्रवारी पोचतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, झालेला दिवस परत येतो हे कसं काय? ते म्हणाले, "येतो. पण घराकडं निघाला की तेवढाच कापून घेत्यात. फुकट न्हाई देत." त्या दिवशी घरी जाताना मला उगाचच धास्ती बसली. ज्या गावाला कालचा दिवस परत येतो तिथं आपली पोर आहे, आणि तिच्या बाबतीत जे काल झालं ते परत यायला नको.

बाळंतपण म्हणून माझ्या बहिणीनं डिंकाचे लाडू केले होते. मी एक लाडू चाचांना चाखायला नेला. त्यांनी फोडला, बोटावर घेऊन बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खसखस घातलीय?"

"घालणारच की. कुणी घालत न्हाई?"

"शेठ, तुमचं विमान न्यूझीलंडच्या आधी आणखी एका देशात थांबतं. तिथं खसखस म्हंजे अफूचं बी. सापडलं तर लाडू न्हाई, तुमाला ठिवून घेतील."

लेकीच्या बाळंतपणाला निघालेला बाप लाडवापायी परक्या तुरुंगात, हे आमच्यातच होऊ शकतं. बहिणीला सगळे लाडू मोडून बिनखसखशीचे करायला लावले. ती आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

सगळ्यात जास्त रंगली ती कार्डाची तालीम. ऑकलंडला उतरलं की एक कार्ड भरायचं असतं. खायचं काय आणलंय, जनावरांत गेलता का, पायताणाला माती आहे का. चाचा खुर्चीत ताठ बसले, टेस्टर पेनासारखा धरला आणि साहेबाच्या आवाजात विचारलं, "गेल्या महिन्याभरात जनावरांजवळ गेलता?"

"न्हाई," मी म्हणालो.

चाचांनी टेस्टर खाली ठेवला. "तुमच्या अंगाला इथवर बोकडाचा वास येतोय, शेठ."

"धंद्यात पहिला आकडा खरा सांगायचा नसतो."

"तिथं धंदा न्हाई. हो म्हणलं की पायतान धुत्यात आन सोडत्यात. न्हाई म्हणलं की धरत्यात. म्हणा, हो."

"हो."

"लाडू हायेत?"

माझ्या तोंडातून हो निघेना. तीस वर्षांची सवय. चाचांनी ती तालीम माझ्याकडून रोज करून घेतली, हो म्हणताना माझी मान हलेपर्यंत. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. तीन तालुक्यांत भाव पाडणारा माणूस मोटारीच्या दुकानात बसून हो म्हणायला शिकतोय.

शेवटच्या दुपारी त्यांनी सांगितलं, की बेटावर उतरलं की सामान सोडायच्या आधी डोंगराकडं जाणारी वाट शोधायची आणि पायी एकदा चालून बघायची. लेकीच्या दारापासून उंचावर पोचायला किती वेळ लागतो तो मोजायचा. पोटुशी बाई हळू चालते, म्हणून दुप्पट धरायचा. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा पारा चढला.

"एवढं भ्या वाटत हुतं तर वीस वर्षं राहिलात कशापायी?"

त्यांनी हातातली तार फळीवर ठेवली. मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या एका बेटावरची गोष्ट. धाकट्या भावाला त्यांनीच कामाला म्हणून तिकडं नेलं होतं. एका सकाळी जमीन हलली. थोड्या वेळानं समुद्र मागं सरला. नुसता मागं, आवाज न करता. तळ उघडा पडला, मासे तडफडत होते. चाचा चढावरच्या शेडमध्ये इंजिन खोलून बसले होते. भाऊ खाली धावला, टोपली घेऊन, हसत. आमच्याकडच्या माणसाला आयुष्यात कधी एवढे मासे फुकट दिसले नव्हते. चाचांनी हाका मारल्या. त्यानं हात केला, आलोच म्हणून.

"नेला मी," ते म्हणाले. "आणला न्हाई."

दुसरा कुणी असता तर तिथं गप्प बसला असता. मी उठलो. माझं डोकं पेटलं होतं. "हे सगळं ठाऊक असून माझ्या पोरीला तिकडं धाडलंत? नकाशे दाखवून दाखवून?"

चाचांनी मान वर केली नाही. "चुकलं, शेठ."

मी निरोप न घेता निघालो. दोन दिवसांनी मुंबईची गाडी धरली, तेव्हा ते दुकानाच्या दारात उभे होते. मी दुसऱ्या बाजूला बघितलं.

प्रवासाचं काय सांगू? विमानाच्या खिडकीतून खाली पाणी दिसलं आणि दोन तासांनी पुन्हा बघितलं तर तेच पाणी. मी पडदा ओढून घेतला. ऑकलंडला एका तरुण बाईनं विचारलं, जनावरांजवळ गेला होतात का. मी हो म्हणालो. खायचं आहे का? हो. तिनं लाडू काढून घेतले, त्याचं वाईट वाटलं. पण ती माझी पायताणं घेऊन आत गेली आणि धुऊन, पुसून, पिशवीत घालून आणून दिली. एवढ्या वर्षांत माझी पायताणं कुणी धुतली नव्हती. तिला काय म्हणावं हे चाचांनी शिकवलं नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली.

बेटावर उतरलो तेव्हा शुक्रवारच होता. सविता पोट सावरत उभी होती, चेहऱ्यानं अगदी तिच्या आईसारखी. चाचांवर रागावलो होतो, पण पायांनी माझं ऐकलं नाही. सामान दारात ठेवलं आणि डोंगराची वाट विचारली. जावई म्हणाला, आधी चहा तरी घ्या. मी म्हटलं, चहा परत आल्यावर. चौदा मिनिटं लागली. दुप्पट अठ्ठावीस.

भाव करायचा नाही हेही सांगितलेलं होतं, पण शनिवारच्या बाजारात मी विसरलो. आमच्याकडं जनावराचा सौदा उपरण्याखाली होतो. दोघांचे हात झाकायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. पपईवाली समोर होती, डोक्यावर फुलांचा मुकुट, चांगली दणकट बाई. माझं उपरणं आपोआप तिच्या हातावर पडलं आणि मी तिची दोन बोटं दाबली. सविता किंचाळायचीच बाकी होती. ती बाई मात्र पोट धरून हसली आणि तिनं मला एक पपई तशीच दिली. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

धोक्याचा भोंगा वाजला तो त्यानंतर पाचव्या दिवशी, भर दुपारी. जावई शाळेत होता. कुठंतरी लांब समुद्राखाली जमीन हलली होती. मी सविताचा हात धरला, दुसरं काही घेतलं नाही. रस्त्यावर सगळं गाव चाललं होतं, म्हातारी, पोरं, कुत्री, कुणाच्या कडेवर कोंबडा. मी एकदाच मागं बघितलं. पाणी हिरवं होतं, निवांत. त्या निवांतपणाची मला आयुष्यात कशाची वाटली नाही एवढी भीती वाटली. सविता दर शंभर पावलांनी थांबायची, पोटाला हात लावायची. मी मनात म्हणत होतो, आत्ता नको, इथं नको. बाजारात मी कधी कुणापुढं हात पसरला नाही, त्या चढावर कुणाकुणापुढं पसरला ते सांगत नाही.

वर पोचल्यावर तिला एका दगडावर बसवलं. तोंडातून शिवी निघाली, चाचांच्या नावानं. म्हणालो, त्या म्हाताऱ्यानं तुला ह्या आगीत ढकललं.

सवितानं मला थांबवलं. "आबा, चाचांनी मला जाऊ नको म्हणून हात जोडले होते. भावाची गोष्ट मला तुमच्या आधी सांगितली होती. रडले होते माझ्यासमोर."

"मग मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

"मीच नको म्हटलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला उंबरा ओलांडू दिला असता का?" ती थांबली, दम घेतला. "तुम्ही त्यांच्यावर राग धरला तेव्हा मी फोन करून म्हटलं, आता सांगून टाका. तर म्हणाले, राहू दे. शेठला राग ठिवाया एक जागा लागती. राग माझ्यावर हाय तवर तू फोन करशील आन शेठ उचलतील."

भोंगा वाजतच होता. मी खाली बसलो, तिच्या पायाजवळ. सहा वर्षं मी फोन उचलला होता. प्रत्येक वेळी.

दोन तासांनी धोका टळल्याचं सांगितलं, माणसं उठून कोंबड्यांसकट खाली निघाली. पाणी आलं नाही. नऊ दिवसांनी, सकाळी, सविता सुखरूप बाळंत झाली. जावई म्हणाला, चाचांना फोन लावू का? मी नको म्हटलं. आमच्या धंद्यात महत्त्वाचा शब्द समोर बसून, हात हातात घेऊन देतात, लांबून ओरडून नाही. काय बोलायचं ते मी मनात पक्कं केलं होतं. विमानात पूर्ण वेळ तेच घोकत आलो. खिडकीचा पडदा उघडा होता.

वडवणीला उतरलो तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, बारा दिवस झाले. दुपारची नमाज पढून आडवे झाले ते उठले नाहीत. तुम्ही एवढ्या लांब, त्यात लेकीचं बाळंतपण, म्हणून कुणी कळवलं नाही.

त्यांचा मुलगा मला कबरस्तानच्या फाटकापर्यंत घेऊन आला आणि तिथूनच कबर दाखवून थांबला. मी आत कधी गेलो नव्हतो. पायताण कुठं काढायचं, किती जवळ जायचं, हात जोडायचे की नुसते सोडायचे, काही ठाऊक नव्हतं. परक्या जागी कसं वागावं हे ज्यांना विचारून मी अर्धी दुनिया ओलांडून आलो, ते समोर मातीखाली होते. माती अजून बसली नव्हती. पायताणं हातात धरून मी उभा राहिलो.

"चाचा, मुलगी झाली," म्हणालो.

पुढचं जे पक्कं करून आलो होतो त्यातलं एक अक्षर तोंडाबाहेर येईना. मग वजन सांगितलं. तीन किलो दोनशे. काट्यावर ठेवायच्या आधी, बोकडाचं सांगतो तसं, हातावर घेऊन मी तिचं वजन बरोबर तेवढंच सांगितलं होतं, तेही सांगितलं.